छीपाओ: जुना सैल, नवा घट्ट. नेमका फरक कुठे, आणि शिवताना काय बिघडतं?

वसुधा_क

छीपाओ म्हटलं की अंगासरशी बसलेला, उभ्या कॉलरचा, बाजूला चीर असलेला रेशमी पोशाख डोळ्यांसमोर येतो. हाँगकाँगकडे त्यालाच चाँगसाम म्हणतात. पण १९२०च्या दशकातले शांघायचे फोटो पाहिले तर तिथला छीपाओ चांगलाच ढगळ आहे. बाह्या खाली रुंद होत गेलेल्या, कमरेला आकार नाही, चीर असलीच तर नावापुरती. त्याच्याही मागे गेलं की छिंग दरबारातल्या (म्हणजे चीनच्या शेवटच्या, मांचू वंशाच्या राजघराण्याच्या) स्त्रियांचे काठांनी मढवलेले जड झगे दिसतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. मांचू झगा, शांघायचा छीपाओ आणि हाँगकाँगचा चाँगसाम ही एकाच वस्त्राची वाढ, की नुसतं नाव पुढे चालत आलं?

२. १९३०च्या आसपासच्या छीपाओंना छातीला टक्स (आकार द्यायला शिवलेल्या चुण्या) नसत असं वाचलं. मग तो अंगावर बसायचा कसा?

३. बेसिक शिवणकाम येतं. पहिला छीपाओ शिवायचा तर कुठल्या पद्धतीचा घ्यावा, आणि कॉलर, चीर, बटणं यांत काय सांभाळावं?

इतिहास आणि शिवण दोन्ही एकाच धाग्यात मागतेय, पण एकावाचून दुसरं कळेल असं वाटत नाही.

---

ताणाबाणा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

मांचूंनी १६४४ मध्ये बीजिंग घेतलं आणि लवकरच पुरुषांवर वेणी आणि मांचू पोशाखाची सक्ती केली. स्त्रियांवर ती सक्ती टिकली नाही. त्यामुळे संपूर्ण छिंग काळात हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, स्त्रिया दोन भागांचा पोशाख घालत राहिल्या: वर आओ नावाचा अंगरखा, खाली घागरा किंवा विजार. खांद्यापासून पावलांपर्यंत एकसंध झगा घालायच्या त्या मांचू 'ध्वजां'मधल्या, म्हणजे लष्करी-सामाजिक तुकड्यांमध्ये नोंदलेल्या घराण्यांतल्या स्त्रिया. त्यातही दोन प्रकार होते. बाजूला चीर नसलेला छनई, आणि वरून घालायचा छांगई, ज्याच्या चिरा थेट काखेपर्यंत जात आणि टोकाला ढगाच्या नक्षीचा काठ असे. चीर ही शांघायची करामत, असं जे सांगितलं जातं त्यात म्हणून फारसं तथ्य नाही.

कॉलरचं उलट आहे. मांचू झग्याला बराच काळ उभी कॉलर नव्हतीच. गोल गळा असे आणि त्यावर वेगळी पांढरी पट्टी गुंडाळत. उभी कॉलर छिंग काळाच्या शेवटी रुळली, आणि १९००-१९१०च्या दशकांत तर ती इतकी वाढली की टोकं गालांना टेकायची.

१९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं. मांचू असणं त्यानंतर काही वर्षं अडचणीचंच होतं, आणि ध्वज घराण्यांतल्या स्त्रियाही जुने झगे टाळू लागल्या. म्हणजे १९२०च्या दशकात हान स्त्रियांनी एकसंध झगा उचलला तेव्हा मांचू झगा मागे पडलेला होता. मग त्यांनी तो कुणाकडून घेतला? यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं मांचू झग्याकडून. दुसरं म्हणतं पुरुषांच्या लांब झग्याकडून: १९१९च्या चार मे या विद्यार्थी चळवळीनंतर शिकणाऱ्या मुलींनी पुरुषांसारखा एकसंध झगा घालून बरोबरी सांगितली. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. सुरुवातीचे छीपाओ खरोखरच पुरुषी दिसतात, सरळ, बिनकाठाचे, साध्या सुती कापडाचे. दरबारी झग्याची हौस त्यांत कुठेच नाही.

मधली एक पायरी बहुतेक जण विसरतात. १९२५-२६च्या सुमारास बिनबाह्यांचं लांब जाकीट आखूड आओवर घालायची टूम होती. जाकीट आणि आतल्या बाह्या एकत्र शिवल्या की झाला छीपाओ. त्या काळच्या घंटेसारख्या बाह्या त्या आओच्याच आहेत.

१६ एप्रिल १९२९ रोजी नानजिंगच्या राष्ट्रीय सरकारने पोशाखाचे नियम काढले आणि स्त्रियांच्या औपचारिक पोशाखात हा झगा घातला. उभी कॉलर, उजवीकडे बंद होणारा पदर (पुढचा, दुसऱ्यावर चढणारा भाग), लांबी गुडघा आणि घोटा यांच्या मध्यापर्यंत, बाही कोपर आणि मनगट यांच्या मध्यापर्यंत, रंग निळा, बटणं सहा, आत विजार. दुसरा पर्याय आओ आणि काळ्या घागऱ्याचा होता. कागदावर इतकं काटेकोर लिहिलं, आणि शांघायच्या शिंप्यांनी ते लगेच वाऱ्यावर सोडलं. १९२९-३० मध्ये लांबी गुडघ्यापर्यंत वर गेली, मग पुन्हा उतरू लागली, १९३४-३५ला जमिनीवर लोळू लागली. त्याच सुमाराला चीर मांडीपर्यंत चढली. आत लेसचा काठ लावलेला परकर घालत आणि चालताना चिरेतून तो काठ दिसावा हीच अपेक्षा असे. १९३७ला जपानशी युद्ध पेटलं, कापड महागलं, आणि लांबी, बाही, कॉलर तिन्ही आखडलं. १९४०च्या आसपास बिनबाह्यांचे छीपाओ सर्रास दिसतात.

जुन्या फोटोची तारीख ठरवायची असेल तर आधी लांबी आणि बाही बघा. चेहरा आणि केशरचना फसवतात.

---

नोंदवही

ताणाबाणा यांनी छान मांडलंय. दोन भर.

एक, रेशीम म्हणजेच छीपाओ हा समज पुसला पाहिजे. १९३०-४०च्या दशकांत सगळ्यात जास्त अंगावर असायचा तो सुती, निळा छीपाओ. इंडॅन्थ्रीन या जर्मन रंगाने रंगवलेलं ते कापड उन्हात किंवा धुण्यात विटत नाही म्हणून शांघायच्या कॅलेंडरांवर त्याची प्रचंड जाहिरात झाली. विद्यार्थिनी, शिक्षिका, कारकून बायका रोज तेच घालत. हाँगकाँगच्या काही मुलींच्या शाळांत, उदाहरणार्थ सेंट स्टीफन्स गर्ल्स कॉलेज आणि यिंग वा गर्ल्स स्कूलमध्ये, चाँगसाम आजही गणवेश आहे, आणि तोही साधा, सैलसर.

दोन, १९४९ नंतरचा, म्हणजे चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यानंतरचा भाग. शांघायचे बरेच शिंपी हाँगकाँगला गेले. तिथे १९५०-६०च्या दशकांत पाश्चात्त्य बेतणी पूर्णपणे आत शिरली: छाती-कमरेला टक्स, वेगळी कापून जोडलेली बाही, खांद्याची शिलाई, बाजूला चेन. यातलं थोडंबहुत शांघायमध्ये १९४०च्या दशकातच सुरू झालं होतं, अगदी खांद्याला पॅडसुद्धा. पण कमर आवळलेला जो आकार आज जगाच्या डोळ्यांत बसलाय तो हाँगकाँगचा. १९६०च्या दशकाच्या शेवटी कारखान्यातले तयार कपडे स्वस्त झाले आणि रोजच्या वापरातून तो गेला.

चीनच्या मुख्य भूमीवर तो जायला कारण राजकीय होतं. राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी यांच्या पत्नी वांग क्वांगमेई यांनी १९६३ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारी दौऱ्यात छीपाओ घातला होता. एप्रिल १९६७ मध्ये लाल रक्षकांनी (माओंच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुणांनी) छिंगह्वा विद्यापीठातल्या सभेत त्यांना जबरदस्तीने छीपाओ घालायला लावून, गळ्यात टेबल टेनिसच्या चेंडूंची माळ अडकवून त्यांची विटंबना केली. त्यानंतर कपाटातला छीपाओ बाहेर काढायची हिंमत कोण करणार? १९८०च्या दशकात तो परतला तो मुख्यतः हॉटेलांच्या स्वागतिकांच्या गणवेशात, आणि तेही चकचकीत नायलॉन-सॅटिनमध्ये. छीपाओ म्हणजे उत्तान पोशाख ही प्रतिमा बरीचशी तिथून आली आहे. तसं पाहिलं तर चिआंग काई-शेक यांच्या पत्नी सुंग मेईलिंग यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये अमेरिकेच्या संसदेत भाषण केलं तेही छीपाओमध्येच, आणि त्या पोशाखाने त्यांचं वजन वाढलंच.

हाँगकाँगचं चाँगसाम शिवण्याचं तंत्र २०२१ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. कौतुक आहे, पण हातशिलाईचे म्हातारे कारागीर कमी होत चाललेत हीही त्यामागची गोष्ट.

---

उरेब

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

जुना छीपाओ सपाट बेतणीचा असतो. कापड उभं दुमडायचं (ती घडी म्हणजे पुढचा आणि मागचा मध्य), मग खांद्याच्या रेषेवर आडवं दुमडायचं. चार पदर झाले. त्यातून एकदाच अंग आणि बाही मिळून कापायची. खांद्याला शिलाई नाही, मुंढा (बाही जोडायचा काप) नाही, टक्स नाहीत. कापडाचा पन्हा (रुंदी) जिथे संपेल तिथे, म्हणजे दंडावर, बाहीला जोड. जमिनीवर पसरला तर हा छीपाओ पूर्ण सपाट पडतो. हाँगकाँगचा टक्सवाला पसरून बघा, छाती-कमरेला फुगतो. जुना की नवा हे ओळखायला यापेक्षा सोपी खूण नाही.

मग तो अंगावर बसायचा कसा? पहिलं म्हणजे आजच्याइतका घट्ट बसायचाच नाही. छातीला ६ ते ८ सेंटिमीटर सैल ठेवत, सुरुवातीच्या काळात त्याहून जास्त. दुसरं म्हणजे इस्त्री. ओलसर कापडाला गरम इस्त्रीने कुठे ताणायचं, कुठे आक्रसून घ्यायचं, हे शिंपी हातावर ठरवायचे. बाजूची शिलाई कमरेपाशी आत वळते. तिथली कड ताणून लांब केली नाही तर कमरेला आडव्या चुण्या पडतात. नितंबांच्या गोलाईवर उलट कड आक्रसून घ्यायची. लोकर आणि रेशीम हे सोसतात, पॉलिएस्टर अजिबात नाही. सपाट बेतणीसाठी पॉलिएस्टर ब्रोकेड घेऊ नका असं सांगतात त्याचं कारण हे.

खरी कसोटी उजवीकडच्या पदराची. गळ्यापासून उजव्या काखेपर्यंत वळणदार रेषेत कापड कापलं की वरच्या पदराला आत दुमडायला आणि खालच्या पदरावर चढायला कापड उरतच नाही. एकाच कापडातून दोन्ही कडा निघालेल्या असतात. यावर उपाय दोन. पुढच्या मध्यावर शिलाई देऊन डावा आणि उजवा भाग वेगळे कापायचे. सोपं, पण फुलांच्या नक्षीचे दोन तुकडे होतात. किंवा पुढचा भाग किंचित तिरका सरकवून इस्त्रीने दीड-दोन सेंटिमीटर कापड 'चोरायचं' आणि खालचा छोटा पदर वेगळ्या तुकड्यातून लावायचा. दुसरा प्रकार हातात बसायला वर्षं लागतात. पुढे अखंड नक्षी असलेला सपाट बेतणीचा छीपाओ दिसला की शिंपी कसलेला आहे हे समजून जावं.

हात खाली सोडला की सपाट बेतणीत गळ्याकडून काखेकडे तिरप्या चुण्या पडतात. त्या दोष नाहीत. हात वर करता यावा म्हणून ठेवलेलं ते कापड आहे. टक्सवाल्या प्रकारात हात खाली असताना खांदा गुळगुळीत दिसतो, पण हात वर केला की सगळा पोशाख वर ओढला जातो.

याचं आकर्षण कशात, असं कुणी विचारलं तर मी घट्टपणाचं नाव घेणार नाही. गळ्यापासून पायापर्यंत कंबरपट्ट्याने न तुटणारी उभी रेघ, तिला छेदणारी पदराची एकच वळणदार रेघ, आणि दोन्हींची कड दाखवणारी बारीक पायपिन, म्हणजे कडेला लावलेली अरुंद पट्टी. कॉलरमुळे मान आपोआप ताठ राहते. एवढ्यावर ते वस्त्र उभं आहे. आवळून शिवला की कापडावर आडवे ताण दिसतात आणि नेमकी ती उभी रेघच मोडते.

---

वसुधा_क

खूपच उपयोगी. तर मग पहिल्यांदा टक्सवाला घ्यावा असं दिसतंय. गुडघ्यापर्यंत, आखूड बाहीचा. कापड किती, मापात सैल किती, आणि कॉलर वरच्या बाजूला मानेपासून सुटी उभी राहते ती का, हे सांगाल का?

---

उरेब

हो, पहिला टक्सवालाच घ्या. कापड मध्यम वजनाचं सुती किंवा सुती-लिनन. ब्रोकेड दुसऱ्या खेपेला.

कापड: खांद्यापासून १०५ सेंटिमीटर लांबी धरली तर ११० पन्ह्याचं अडीच मीटर. १४० पन्हा असेल आणि सीट (नितंबांचा घेर) ९५च्या आत असेल तर दीड-पावणेदोन मीटरमध्ये बसतं. नक्षी एका दिशेची असेल किंवा जुळवायची असेल तर आणखी अर्धा मीटर. खालच्या पदराचा तुकडा आणि कॉलरचे दोन पदर हिशेबात धरायला लोक विसरतात. कापण्याआधी कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, अस्तरसुद्धा. आक्रसणं नंतर झालं तर पहिला बळी कॉलर असते.

सैल: छातीला ४, कमरेला ३, सीटला ४ सेंटिमीटर. कापड न ताणणारं असेल तर यापेक्षा कमी करू नका. सीटचं माप उभं राहून घ्या आणि बसूनही घ्या. बसल्यावर ते वाढतं, आणि फाटायचं तर तिथेच फाटतं. कमर मागून किती खाली आहे आणि पुढून किती, ही दोन्ही मापं वेगवेगळी घ्या. चांगले शिंपी वीसहून जास्त मापं घेतात ती उगाच नाही.

टक्स: पुढे छातीचा एक, बाजूच्या शिलाईतून निघणारा, छातीच्या टोकाच्या अडीच-तीन सेंटिमीटर अलीकडे संपणारा. कमरेला पुढे दोन, मागे दोन, प्रत्येकी दोन ते अडीच सेंटिमीटरचे. उजवीकडचा छातीचा टक पदराच्या उघडणीत येतो, तेव्हा तो वरच्या आणि खालच्या, दोन्ही पदरांत घ्यावा लागतो. एकाच पदरात घेतला तर तिथे कायम फुगा येतो आणि कितीही हुक लावले तरी जात नाही.

पदराची कड: कापल्याबरोबर, काही करायच्या आधी, तिच्यावर उभ्या धाग्याची अरुंद पट्टी कच्च्या टाक्याने लावा आणि ती पट्टी कडेपेक्षा अर्धा सेंटिमीटर आखूड ठेवा. ही कड तिरकी असते आणि हाताळताना लांबते. लांबली की छातीपाशी तोंड वासते.

आता कॉलर. वरून सुटी राहते कारण ती सरळ आयत कापलेली असते. मान वर जाते तशी बारीक होते, आयत होत नाही. कॉलरच्या पुढच्या टोकाला खालची कड वर उचलायची असते, साधारण दीड ते तीन सेंटिमीटर. जितकं जास्त उचलाल तितकी वरची कड लहान होते आणि कॉलर मानेला लागते. पहिल्यांदा दोन सेंटिमीटर ठेवा. उंची पुढे ४, मागे साडेचार ते ५. सहा-सातची कॉलर फोटोत राजबिंडी दिसते, पण मान छोटी असेल तर हनुवटी टेकते.

गळा कापताना अर्धा सेंटिमीटर लहान कापा आणि घालून बघत वाढवा, कारण मोठा झालेला गळा परत लहान करता येत नाही. पुढचा गळा वर राहिला तर गिळताना टोचतं, जास्त उतरला तर कॉलरखाली आडवी चुणी येते. कॉलरच्या खालच्या कडेची लांबी गळ्याच्या शिलाईरेषेवर मोजलेल्या लांबीइतकी हवी, कापलेल्या कडेवर मोजलेल्या लांबीइतकी नाही. निम्म्या कॉलरी इथेच बिघडतात. आत बकरम घालायचं ते शिलाईचं मार्जिन सोडून, सगळीकडून दोन मिलिमीटर लहान. बाहेरचा पदर आतल्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा घ्या आणि दोन्ही हातात गोल वळवून टाचा. सपाट ठेवून टाचले तर कॉलर घातल्यावर आतला पदर चुरगळतो.

चेन बाजूलाच, उजवीकडे, काखेखाली दोन-तीन सेंटिमीटर सोडून सुरू, ३५ ते ४० सेंटिमीटरची. पाठीत चेन लावून पुढचा पदर नुसता शोभेला शिवून टाकायची पद्धत बाजारातल्या मालात असते. वेळ वाचतो, पण त्या पदराची धार मेलेली दिसते.

चीर खुर्चीवर बसून आखा. बसलं की ती काही सेंटिमीटर वर सरकते. गुडघ्यापर्यंतच्या पोशाखाला १५ ते २० सेंटिमीटर पुरे. टोकाला आतून कापडाचा छोटा तुकडा लावून भक्कम टाके घाला, सगळा ताण तिथे येतो. उभं असताना चीर उलट्या व्हीसारखी उघडी राहत असेल तर चिरेला हात लावू नका. सीट किंवा मांडीचं माप कमी पडलंय, बाजूची शिलाई सोडा. म्हणूनच बाजूला दोन सेंटिमीटर मार्जिन ठेवायचं.

---

गोफ

बटणं आणि पायपिन यावर कुणी बोललं नाही, म्हणून.

पायपिनची पट्टी उरेबच हवी, म्हणजे ४५ अंशांत कापलेली, दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद. वर सांगितलेल्या मापाच्या पोशाखाला कॉलर ४०, पदर ३५, खालचा घेर ९५, चिरांच्या चार कडा ८०, बाह्या ६०, म्हणजे तीन मीटरच्या थोडी वर. जोड धरून साडेतीन मीटर कापा. ४० सेंटिमीटरच्या चौकोनातून निघते. रेशमाची पट्टी कापण्याआधी उलट बाजूने गव्हाच्या पिठाची पातळ खळ पसरून वाळवायची, ही जुनी युक्ती आहे. खळ नसली तर रेशीम कापताना सरकतं आणि पट्टी कुठे रुंद कुठे अरुंद होते. खळ जाड झाली तर घडीवर तडकते आणि गडद कापडावर पांढरे डाग उमटतात. बाहेरून दिसणारी पायपिन ३ ते ५ मिलिमीटर. आतली बाजू हातानेच तुरपायची. मशीनची टीप वरून दिसली की संपलं. बाहेरच्या वळणावर (कॉलरची गोल टोकं) पट्टी किंचित सैल सोडा, आतल्या वळणावर किंचित ताणा. उलट केलं की कड आत नाहीतर बाहेर मुडपते.

गाठीची बटणं, पानखोऊ. साधं सरळ बटण आधी शिका. उरेब पट्टीत सुती दोरे घालून ४-५ मिलिमीटरची गोल दोरी शिवायची. गाठीच्या बाजूला साधारण २५ सेंटिमीटर दोरी लागते, फासाच्या बाजूला १५. गाठ एकदम ओढून बांधायची नाही. आधी सैल गुंफायची, मग एक-एक वळण क्रमाने ओढत गोळा घट्ट करायचा, आणि दोरीची शिवण सगळीकडे खालच्या बाजूला ठेवायची. फास इतकाच मोठा की गाठ थोडी दाबून आत जाईल. फास सैल झाला तर बटण दिवसभर सुटत राहतं. जोडी लावताना फासाची मुळं पदराच्या कडेला भिडवा. गाठ कडेच्या बाहेर पडते, ते बरोबर आहे.

फुलाचं, फुलपाखराचं बटण करायचं तर पट्टीत बारीक तांब्याची तार घालतात आणि मधल्या पोकळीत कापूस भरून रंगीत रेशमाने झाकतात. दिसायला तेच सुंदर. मात्र छातीवर एक आणि कॉलरला एक, बाकी साधी, असं ठेवलं तर खुलतात. सहाच्या सहा फुलं लावली की दुकानाची काच वाटते.

काखेखालच्या बटणांवर भरवसा ठेवू नका. दिसायला बटण, धरायला आतून हुक किंवा प्रेस बटण, असंच करतात.

कापडांविषयी थोडक्यात. ब्रोकेडचे धागे निघतात, मार्जिन दोन सेंटिमीटर ठेवा आणि कापल्याबरोबर कडा ओव्हरलॉक करा. मखमलीची लव वरच्या दिशेने ठेवली तर रंग गडद दिसतो, पण सगळे तुकडे एकाच दिशेने हवेत. इस्त्री उलट बाजूने वाफेवर, दाबायची नाही. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या शुन्द भागातलं शियांगयुनशा हे कापड मिळालं तर नशीब. रेशमाला कंदाच्या रसाचे हात देऊन वर नदीतला लोहयुक्त चिखल लावतात, त्याने एक बाजू काळी चकचकीत आणि दुसरी तपकिरी होते. दमट उन्हाळ्यात ते अंगाला चिकटत नाही. ते घासायचं नाही, पिळायचं नाही, थंड पाण्यात हलवून सावलीत वाळवायचं.

तारेची बटणं असलेला छीपाओ मशीनमध्ये अजिबात नाही. तार एकदा वाकली की फूल पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

---

मधुरा_द

वाचतेय. एक शंका: व्हिएतनामचा आओ जाय आणि हा एकच का? लांबून सारखेच दिसतात.

---

ताणाबाणा

नाही. आओ जायच्या चिरा कमरेपर्यंत असतात आणि खाली विजार असतेच. पुढचा-मागचा भाग मोकळा लहरतो. आजचा अंगाबरोबर बसणारा आओ जाय १९३४च्या सुमारास हनोईचे चित्रकार ङुयेन कात तुओंग यांच्या नव्या बेतणीतून पुढे आला. दोन्हींत उभी कॉलर आणि उजवीकडची उघडण आहे, कारण दोघांच्या मागे चिनी अंगरख्यांची जुनी परंपरा आहे.

हानफूशीही, म्हणजे हान लोकांच्या मांचूपूर्व पारंपरिक पोशाखाशीही, गल्लत करू नका. त्यात डावा पदर उजव्यावर येऊन गळ्याशी तिरकी फुली पडते, उभी कॉलर बहुतेकदा नसते, आणि बंद करायला बटणांऐवजी बंद असतात. २००३ नंतर चीनमध्ये हानफूची चळवळ वाढली तेव्हापासून छीपाओ 'मांचू' म्हणून नाकारणारेही भेटतात. वर लिहिलेला १९२०च्या दशकाचा इतिहास पाहिला तर तो आक्षेप मला पटत नाही.

---

उरेब

वसुधा, एक राहिलं. खऱ्या कापडाला कात्री लावण्याआधी स्वस्त मांजरपाटावर गळा, कॉलर आणि पदर एवढाच भाग, कमरेपर्यंत, शिवून बघा. घालून मान चारी बाजूंना वळवा, खाली बघा, हात पुढे करून टाळी वाजवा. पाठीत ओढ आली तर मुंढा खाली उतरवू नका. सगळे तेच करतात आणि हात आणखी अडकतो. मुंढा वर काखेजवळ ठेवा, बाहीचा माथा एक सेंटिमीटर कमी करा आणि मागच्या भागात अर्धा सेंटिमीटर वाढवा.

---

वसुधा_क

मांजरपाट आजच काढते. कॉलर पुढे ४, उचल २, गळा अर्धा सेंटिमीटर लहान. झालं की मापांसकट इथेच टाकते.